काटा न लावता केलेलं वजन

सोलापुरात मध्यंतरी खगोलशास्त्रावर एक व्याख्यान झालं. वक्त्यांनी पडद्यावर 'टॉन ६१८' या क्वेसारचं, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचं, चित्र लावलं आणि ठणकावून सांगितलं, की याच्या मध्यभागी असलेल्या कृष्णविवराचं वस्तुमान ६६ अब्ज सूर्यांएवढं आहे. मागच्या रांगेतल्या एका पोरानं मोबाइल वर धरला. "सर, इथं चाळीस अब्ज लिहिलंय. सव्वीस अब्ज सूर्य कुठं गेले?" सभागृह हसलं. वक्ते चिडले आणि "विज्ञानावर विश्वास ठेवायला शिका" असं म्हणून पुढच्या चित्राकडे वळले. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर जे चाललंय ते वाचून करमणूकही होते आणि वैतागही येतो. एक बाजू विचारते, "कोण गेलंतं बे तिथं काटा घेऊन?" दुसरी म्हणते, शास्त्रज्ञांनी मोजलं म्हणजे मोजलं, शंका घेणारे सगळे अडाणी.

एकमेकांच्या उरावर बसलेल्या या दोन्ही बाजूंची समजूत मात्र एकच आहे: आकडा एक तर बिनचूक असतो, नाही तर थाप. मला हे मान्य नाही. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवराचं वस्तुमान हा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच सांगितला पाहिजे, आणि रीतसर काढलेला अंदाज हे पक्कं ज्ञान असतं. फसवतो तो मागचापुढचा फरक कापून टाकलेला आकडा. त्या पोराचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तरही शास्त्राकडे तयार होतं, ते देण्याची तसदी कोणी घेतली नाही एवढंच.

मुळात हे वजन करतात कसं? तत्त्व न्यूटनच्या काळचं आहे. एखाद्या जड वस्तूभोवती काहीतरी फिरत असेल, त्याचा वेग आणि त्याचं मधल्या वस्तूपासूनचं अंतर कळलं, तर मधल्या वस्तूचं वस्तुमान गणितानं निघतं. सूर्याचं वजन आपण असंच केलं, तिथंही कोणी काटा नेला नव्हता. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राशी एस-२ नावाचा तारा साधारण १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. २०१८ मध्ये तो केंद्राच्या सर्वांत जवळून गेला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर होता. अशा ताऱ्यांच्या कक्षांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून मधल्या अदृश्य वस्तूचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्य निघालं आणि त्या कामाबद्दल राइनहार्ड गेन्झेल व अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. या आकड्याबद्दल कोणी भांडत नाही.

भांडण पुढं आहे. दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहात, सुटा तारा दिसतच नाही, दिसतो तो नुसता एक झगझगीत ठिपका. पण ठिपक्याचा वर्णपट घेता येतो, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून बघता येतो. कृष्णविवराभोवती वायूचे ढग भन्नाट वेगानं फिरत असतात. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश निळ्या बाजूला सरकतो, दूर जाणाऱ्याचा तांबड्या बाजूला, आणि एरवी बारीक असणारी हायड्रोजनची रेषा पसरट होऊन बसते. जितकी पसरट, तितका वेग जास्त. झाला वेग. अंतराचं काय? त्यासाठी जी युक्ती काढली गेली तिला मी तरी दाद देतो. कृष्णविवरात ओढल्या जाणाऱ्या वायूची केंद्राजवळ जी तप्त चकती बनते, तिचा प्रकाश सतत कमीजास्त होत असतो. तो ढगांवर पडला की थोड्या दिवसांनी ढगही तसेच कमीजास्त उजळतात. मधला उशीर म्हणजे प्रकाशाला चकतीपासून ढगांपर्यंत पोचायला लागलेला वेळ, म्हणजेच अंतर. 'एनजीसी ५५४८' या दीर्घिकेवर १९८८ च्या अखेरीपासून जगभरच्या दुर्बिणींनी पाळी लावून पाळत ठेवली. चकती उजळली की सुमारे वीस दिवसांनी हायड्रोजनची रेषा उजळते असं आढळलं. वस्तुमान निघालं पाच ते सात कोटी सूर्यांच्या दरम्यान.

आता अडचण अशी, की मोठ्या क्वेसारमध्ये हा उशीर महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो, आणि विश्वाच्या प्रसरणामुळे आपल्याला तो आणखी लांबलेला दिसतो. लाखो क्वेसारांवर एवढी पाळत कोण ठेवणार? म्हणून आडवाट काढली. जवळच्या काही डझन दीर्घिकांत दिसलं, की केंद्र जितकं तेजस्वी तितके ढग लांब, साधारण तेजस्वितेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मग तेजस्विता मोजायची, तिच्यावरून अंतर धरायचं, रेषेच्या रुंदीवरून वेग घ्यायचा आणि एका वर्णपटावर वजन सांगून मोकळं व्हायचं. टॉन ६१८ चे दोन्ही आकडे असे, या आडवाटेनं आलेले आहेत.

टीकाकारांची बाजू इथे खरोखर भक्कम आहे, आणि ती गटांवर चाललेल्या टवाळीपेक्षा कितीतरी भक्कम मांडता येते. पहिली गोष्ट, ढग कोणत्या आकारात पसरलेत, त्यांची चकती आपल्याला आडवी दिसते की उभी, हे माहीत नसल्यानं सूत्रात एक गुणक घालावा लागतो. तो चार ते साडेपाचच्या घरात धरतात. तो आला कुठून? दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांचा आणि कृष्णविवराच्या वस्तुमानाचा एक संबंध २००० साली पुढं आला होता. पाळतीतून निघालेले आकडे त्या संबंधावर नेऊन बसवले आणि जो गुणक लागला तो घेतला. म्हणजे एक अंदाज दुसऱ्या अंदाजाच्या खांद्यावर उभा. दुसरी गोष्ट, कार्बनची जी रेषा दूरच्या क्वेसारांत सोयीची पडते ती नुसत्या फिरण्यानं पसरत नाही. केंद्रातून बाहेर सुटणाऱ्या वाऱ्यांनीही पसरते, आणि वाऱ्याचा वेग कृष्णविवराच्या खात्यावर जमा होतो. तिसरी गोष्ट, जवळच्या, मंद दीर्घिकांवर बसवलेलं तेजस्वितेचं गणित दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या, शेकडो पटींनी तेजस्वी क्वेसारांना का लागू पडावं? हे तिन्ही आक्षेप बाहेरच्या कोणी घेतलेले नाहीत. ते या क्षेत्रातल्या लोकांनीच आपल्या शोधनिबंधांतून घेतलेत, आणि म्हणूनच ते स्वतः सांगतात, की एका वर्णपटावरून काढलेलं वस्तुमान तिपटीनं इकडे किंवा तिकडे असू शकतं.

तिपटीनं! असं म्हटलं की टवाळांना उकळ्या फुटतात. पण जरा हिशेब करा. ६६ अब्जांना तीननं भागलं तर २२, तीननं गुणलं तर जवळपास २०० अब्ज. चाळीस या पट्ट्यात आरामात बसतो. चाळीसचा पट्टा १३ ते १२०, त्यात ६६ बसतो. एक आकडा हायड्रोजनच्या रेषेवरून निघालेला, दुसरा पुढच्या काळात कार्बनच्या रेषेवरून. म्हणजे दोन वेगळ्या रेषांनी एकमेकींना दुजोरा दिला आणि आमच्याकडे ते भांडण म्हणून गाजलं. सव्वीस अब्ज सूर्य कुठंही गेले नाहीत. ते मापाच्या फटीत आहेत, आणि ती फट किती रुंद हे आधीच जाहीर केलेलं आहे.

ज्या जिल्ह्यात दर वर्षी पैसेवारीवरून, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं या आकड्यावरून, रणं माजतात, तिथल्या माणसांना अंदाज या प्रकाराचं एवढं नवल वाटावं, याचंच मला नवल वाटतं. नजर अंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली तर टंचाईच्या सवलती, वर राहिली तर काही नाही. ही पैसेवारी काढायला जिल्ह्यातली सगळी ज्वारी कोणी काट्यावर घालत नाही. यादृच्छिक आकड्यांवरून जमिनीचे गट निवडतात, त्यातला एक कोपरा ठरवतात, दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा दोरी लावून आखतात, चार खुंट्या ठोकतात, आतली कणसं खुडून मळतात आणि दाणे तोलतात. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात हे काम बघायला मिळालं तर जरूर बघा. खुंटीपाशी उभं असलेलं ज्वारीचं ताट आत धरायचं की बाहेर, यावर तलाठी, कृषी सहायक आणि शेतकरी यांच्यात जी हुज्जत होते ती बघण्यासारखी असते. ताट एकच असतं, पण पन्नास चौरस मीटरवरून तालुक्याचा हिशेब करायचा म्हटल्यावर त्या एका ताटाला भाव येतो.

ही हुज्जत देशपातळीवरही झालेली आहे. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये पिकाचा अंदाज काढण्यासाठी अगदी लहान तुकडे कापायच्या बाजूचे होते. लहान तुकडे स्वस्त, म्हणून पुष्कळ ठिकाणी घेता येतात. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखवलं, की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून येतं. कारण तेच, कडेवरचं ताट. माणसाचा हात ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. यावर कोणी असं म्हटलं का, की पिकाचा अंदाज काढणं म्हणजेच थोतांड? नाही. चूक कोणत्या दिशेला होते आणि का होते हे कळलं, म्हणून तुकडा मोठा केला आणि अंदाज सुधारला. क्वेसारच्या वर्णपटात वाऱ्यानं पसरलेली कार्बनची रेषा म्हणजे हे कडेवरचं ताट आहे. ते आत ओढलं गेलंय हे ओळखणारेही अंदाज काढणारेच असतात.

पण ओळखणार कशावरून? दुसरा, स्वतंत्र मार्ग हाताशी असला तरच. म्हणून या क्षेत्राची खरी परीक्षा मला तिथं दिसते, जिथं एकाच कृष्णविवराचं वजन वेगवेगळ्या वाटांनी झालंय. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ८७ चं उदाहरण घ्या. ताऱ्यांच्या वेगांवरून काढलेलं वस्तुमान २०११ मध्ये ६.६ अब्ज सूर्य आलं. वायूच्या वेगांवरून दुसऱ्या गटानं २०१३ मध्ये काढलं ते साडेतीन अब्ज. जवळजवळ निम्मं! दोन्ही गट नावाजलेले, दोन्हींची साधनं उत्तम. कोण बरोबर? १० एप्रिल २०१९ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोपनं त्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्र जगासमोर ठेवलं. सावलीचा आकार वस्तुमानावर ठरतो, त्यामुळे ना तारे लागले ना वायू. उत्तर आलं साडेसहा अब्ज, सुमारे सत्तर कोटी इकडे-तिकडे. ताऱ्यांचा गट जिंकला, वायूचा हरला. जिथं हरणं शक्य असतं, तिथं थाप कशी चालेल?

तरी कोणी म्हणेल, एम ८७ शेजारची, क्वेसारचं बोला. बोलू. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ज्याचं कोडं सोडवलं तो '३सी २७३' सुमारे अडीच अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. चिलीतल्या पारानाल इथल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या 'ग्रॅव्हिटी' या उपकरणानं २०१८ मध्ये त्याच्या ढगांचं फिरणं थेट टिपलं. ढगांचं अंतर निघालं सुमारे १४५ प्रकाशदिवस, आणि वस्तुमान २६ कोटी सूर्य. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं दहा वर्षांच्या पाळतीतून उशीर मोजला: सुमारे १४७ दिवस. एका गटानं कोन मोजला, दुसऱ्यानं वेळ, आणि दोघं एकाच जागी येऊन उभे राहिले. लपवायचं कशाला, जुन्या पाळतीतून निघालेले उशिराचे आकडे याच्या दुपटीच्या घरात होते. ते बाजूला पडले. २०२४ च्या जानेवारीत ग्रॅव्हिटीच्या गटानं ११ अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशावर तेच केलं आणि तिथल्या कृष्णविवराचं वस्तुमान ३२ कोटी सूर्य काढलं. आडवाटेच्या गणितानं जितक्या लांब ढग असायला हवे होते, त्यापेक्षा ते जवळ निघाले. म्हणजे वर मांडलेला तिसरा आक्षेप पोकळ नव्हता. पण तो आक्षेप खरा ठरला तोही मोजमापानंच.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, आणि सोलापूर-पुणे एवढ्याच टप्प्यावरचं. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनं पल्सारांच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. जून २०२३ मध्ये भारतीय गटानं युरोपीय गटाबरोबर, आणि त्याच वेळी जगातल्या इतर गटांनीही, अतिशय मंद गुरुत्वलहरींच्या, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीनं अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या, सर्वदूर कंपनाचा पुरावा जाहीर केला. त्याचा सर्वांत सरळ अर्थ असा, की विश्वभर अतिविशाल कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताहेत. या कंपनाची तीव्रता त्यांच्या वस्तुमानांवर अवलंबून असते. यात वर्णरेषा नाही, तेजस्विता नाही, तो बदनाम गुणकही नाही. वस्तुमानांचे आकडे निव्वळ हवेतले असते तर हे कंपन हिशेबाच्या आसपासही सापडायला नको होतं. सापडलं, आणि अपेक्षेच्या थोडं वरच्याच बाजूला.

'कोण गेलंय तिथं' या प्रश्नाचं वय मात्र बरंच आहे. १८३५ मध्ये ओग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञानं लिहून ठेवलं, की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीही कळणार नाही. पंचवीस वर्षांत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी वर्णरेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची किल्ली दिली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, आपल्या दक्षिणेला जमखिंडीपासून गुंटूरपर्यंत वर्णपटदर्शक लावून बसलेल्या निरीक्षकांनी सूर्याच्या ज्वालांचं रहस्य उकललं, आणि त्या वर्षीच्या सौर निरीक्षणांतून हेलियमची ओळख झाली. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ मध्ये. एव्हरेस्टचं घ्या. राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये त्या शिखराची उंची मांडली ती शंभर मैलांहून दूरच्या मैदानातून घेतलेल्या कोनांवरून. १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा होता २९,००२ फूट. शिखरावर पाऊल पडलं १९५३ मध्ये, म्हणजे तब्बल शतकानं. आजचा आकडा त्यापेक्षा सुमारे तीस फुटांनी जास्त आहे. मधली शंभर वर्षं भूगोलाच्या पुस्तकातून एव्हरेस्ट वगळायला हवा होता का?

आता दुसऱ्या बाजूचा समाचार, कारण माझा जास्त राग त्यांच्यावर आहे. थोतांड म्हणणाऱ्याला निदान प्रश्न तरी पडलेला असतो. 'विज्ञानावर विश्वास ठेवा' म्हणणारा तो प्रश्नच मारतो. बरं, हे भक्त ज्या आकड्यांवर जीव टाकतात ते बहुतेक विक्रमाचे असतात: सर्वांत मोठं, सर्वांत जुनं, सर्वांत जड. संख्याशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, विक्रमी आकड्यावर सर्वांत कमी भिस्त ठेवावी. लाखो क्वेसारांची वजनं केली, प्रत्येकात तिपटीपर्यंत इकडे-तिकडे फरक आहे, आणि मग त्यातलं सर्वांत वरचं उचललं, तर हाती काय येतं? जे खरंच जड आहेत ते येतात, आणि ज्यांच्या बाबतीत चूक नेमकी वरच्या दिशेला झाली तेही येतात. खालच्या दिशेला चुकलेले त्या यादीत शिरतच नाहीत. म्हणून यादीच्या माथ्यावरचा आकडा बहुधा फुगलेला असतो, कोणाचीही लबाडी नसताना. हे वक्त्यांनी पोरांना सांगितलं असतं तर त्या संध्याकाळचं सोनं झालं असतं. ते ठेवलं बाजूला, आणि ६६ अब्ज ठळक अक्षरात. वर्तमानपत्रं आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती याच वळणावर गेलेल्या आहेत. आकड्याशेजारी 'सुमारे' हा एक शब्द आणि एक पट्टा छापायला किती जागा लागते?

एक आक्षेप उरतो, तो सोलापूरकराच्या तोंडी शोभतो: उजनी भरलेलं असताना नळाला रोज पाणी नाही, आणि तुम्ही कसली कृष्णविवरं तोलताय? हा राग खोटा नाही. पण नळाचं पाणी अडलंय ते खगोलशास्त्राच्या खर्चापायी नव्हे, आणि खोडदची दुर्बीण बंद केली म्हणून आपल्या गल्लीत एक हंडाही जास्त येणार नाही. उलट, धरणात गाळ किती, गळती किती, शहराला लागतं किती, हे सगळे अंदाजच आहेत. ते मागण्याची आणि त्यांचा पट्टा विचारण्याची सवय लोकांना लागली, तर पाणी का येत नाही हे पालिकेला जरा नेमकेपणानं विचारता येईल.

बाकी, भांडायचंच असेल तर आज भांडायला ताजी जागा आहे. जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या पहिल्या दीडेक अब्ज वर्षांतले लहानसे लाल ठिपके शेकड्यांनी सापडलेत. त्यांच्या पसरट रेषांवरून काढलेली कृष्णविवरं त्यांच्या दीर्घिकांच्या मानानं अवाढव्य निघतात. २०२५ मध्ये एका गटानं मांडलं, की त्या रेषा पसरतात त्या वेगामुळे कमी आणि दाट वायूतल्या इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरल्यामुळे जास्त. तसं असेल तर ही वस्तुमानं शंभर पटींपर्यंत कमी करावी लागतील. तिपटीच्या पट्ट्यात हे मावत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वीय भिंगातून, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागचा प्रकाश वाकल्यामुळे, मोठा दिसणारा असाच एक ठिपका घेतला, विश्व पाऊण अब्ज वर्षांचं असतानाचा, आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूचा वेग अंतरागणिक मोजला. वस्तुमान आलं सुमारे पाच कोटी सूर्य, रुंद रेषांच्या जुन्या गणिताशी जुळणारं. शंभर पटींच्या कपातीला तिथं जागा उरत नाही, निदान त्या एका ठिपक्यात. असे आणखी आठ-दहा ठिपके भिंगाखाली सापडून मोजले गेले, की दोघांपैकी एका गटाला आपले आकडे मागे घ्यावे लागतील.